गावच्या चर्चचं जुनं फोटो-पोस्टकार्ड हाती आलं तर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ठाण्यातल्या रद्दीवाल्यांकडे जरूर डोकवावं. घराघरांतले माळे रिकामे होत असतात. नौपाड्यातल्या ज्या काकांकडून मी जुने दिवाळी अंक घेते, त्यांनी तीनेक वर्षांपूर्वी वजनकाट्याखालून काळ्या पानांचा एक फाटका अल्बम काढला.

"ताई, हे तुमच्या कामाचं आहे का बघा. सगळी विलायती देवळं आहेत."

अल्बममध्ये अकरा कार्डं होती. दहा छापील, रंग भरलेली, समुद्रकिनारे आणि पूल. अकरावं मात्र वेगळं होतं. काळपट तपकिरी फोटो, एक ठेंगणं चर्च, पुढे कबरींचे दगड, आणि फाटकापाशी हललेला एक मुलगा. कोणीतरी अल्बमच्या खाचेत बसावं म्हणून कार्डाची खालची कड कात्रीने कापली होती, आणि त्या कापण्यात गावाचं नाव अर्धं गेलं होतं. अक्षरांचे फक्त शेंडे उरले होते. काकांनी अकरा कार्डांचे मिळून जे पैसे मागितले त्यात दोन माणसांची मिसळ झाली असती.

त्या एका कार्डाने मला जुन्या फोटो-कार्डांचं गाव आणि साल शोधायच्या नादाला लावलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय करावं ते त्याच कार्डाला धरून सांगते. माझ्या चुकाही सांगेन, कारण त्यातल्या दोन तरी तुम्ही वाचवू शकाल.

आधी हात धुवा, मग टेबल पुसा

कार्ड कडांना धरायचं, चित्रावर बोट ठेवायचं नाही. खऱ्या फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो आणि बोटाचा तेलकट ठसा त्यात कायमचा बसतो. सामान फार लागत नाही: सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलचा टॉर्च, मऊ टोकाची टू-बी पेन्सिल, एक पट्टी. नोटा तपासायचा छोटा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च मिळाला तर घ्या, त्याचा उपयोग पुढे येईल.

आता काय करायचं नाही ते. कार्ड अल्बमच्या पानाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, आणि पाण्यात तर मुळीच टाकू नका. पोस्टाची तिकिटं पाण्यात सोडवतात म्हणून मी दुसरं एक फोटो-कार्ड ताटलीत कोमट पाण्यात ठेवलं होतं. जिलेटिन फुगलं. ते टिपायला मी वर वर्तमानपत्र दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी कार्डावरच्या पुलाला शेअर बाजाराचे भाव चिकटलेले होते. नशीब, ते चर्चचं नव्हतं. पान चिकटलेलं असेल तर कार्डाभोवतीचं काळं पान कापून घ्या आणि तसंच राहू द्या.

खरा फोटो की छपाई?

भिंगातून आकाश आणि भिंत यांच्यामधला भाग बघा. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापलेलं कार्ड. ठिपके नाहीत पण सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक नागमोडी नक्षी दिसते, तर ते कोलोटाइप, म्हणजे तीही छपाईच. आणि कितीही जवळ गेलं तरी करड्यातून काळा सलग उतरत जातो, कुठेच तुटत नाही, तर तो फोटोच्या कागदावर काढलेला खरा फोटो.

दुसरी खूण मला जास्त आवडते. कार्ड तिरकं धरा आणि ट्यूबलाइटची झळाळी त्यावर घ्या. जुन्या फोटोत सर्वांत काळ्या जागी, झाडाच्या सावलीत किंवा दाराच्या अंधारात, पारा चढल्यासारखी निळसर चांदीची झाक दिसते. फोटोतली चांदी वर्षानुवर्षांत पृष्ठभागाकडे सरकते, त्यामुळे हे होतं. छपाईच्या शाईला असं होत नाही.

मग तो जांभळा टॉर्च. अंधार करून कार्डाच्या मागच्या बाजूवर मारा. कागद निळा-पांढरा चमकला तर सावध व्हा, कारण फोटोच्या कागदात ही चमक आणणारी द्रव्यं साधारण 1950 च्या दशकापासून आली. म्हणजे 1910 चं म्हणून विकलेलं कार्ड चमकत असेल तर ते नंतर काढलेली नक्कल. उलटं मात्र धरू नका: चमकलं नाही म्हणजे जुनंच, असं होत नाही.

उलटं करा

नवखा माणूस चर्चकडे बघत बसतो. मीही महिनाभर तेच केलं. काळ ठरवायला कार्डाची मागची बाजू जास्त बोलते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

आधी बघा, मागची बाजू उभ्या रेघेने दोन भागांत विभागली आहे का. सुरुवातीच्या चित्रकार्डांवर मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. ब्रिटनमध्ये 1902 पासून मागच्या बाजूचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहायला मुभा मिळाली. अमेरिकेत हेच व्हायला 1 मार्च 1907 उजाडला. म्हणजे इंग्लंडच्या कार्डाची पाठ विभागलेली असेल तर ते 1902 च्या आधीचं नाही, आणि अमेरिकेचं असेल तर 1907 च्या आधीचं नाही. आकारही बघा. साडेपाच बाय साडेतीन इंच हे माप ब्रिटनमध्ये 1899 पासून चाललं. माझं कार्ड उंचीला पाव इंच कमी भरलं, तेव्हाच कळलं की कात्री लागली आहे.

मग तिकिटाची जागा. अमेरिकी फोटोकार्डांवर तिकीट लावायच्या चौकटीत कागद बनवणाऱ्याचा शिक्का असतो. 'एझो' हा कोडॅकचा कागद सर्वांत जास्त भेटतो. संग्राहकांचा ठोकताळा असा: चौकटीच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण 1904 ते 1918, दोन वर आणि दोन खाली असतील तर 1918 ते 1930. हा काळ कागदाचा आहे. फोटोग्राफरकडे जुना कागद उरलेला असू शकतो, म्हणून दोनचार वर्षं इकडेतिकडे धरा. इंग्लंडच्या कार्डांवर ही खूण कमी वेळा मिळते. माझ्या कार्डावर नव्हती.

तिकिटाने मात्र बरंच दिलं. हिरवं अर्ध्या पेनीचं, त्यावर दाढीवाला एडवर्ड सातवा. त्याची तिकिटं ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1902 ला आली आणि पाचव्या जॉर्जची जून 1911 मध्ये. राजा गेल्यावरही जुनी तिकिटं काही काळ वापरात राहतात, तेव्हा शेवटची तारीख राजावरून ठरवू नका. दर जास्त भरवशाचा. ब्रिटनमध्ये देशातल्या देशात कार्ड पाठवायला 3 जून 1918 पर्यंत अर्धी पेनी लागे, त्या दिवसापासून एक पेनी. परदेशी कार्डाला आधीपासूनच एक पेनी. यावरून आणखी एक गोष्ट कळली: हे कार्ड टपालाने हिंदुस्थानात आलेलं नाही. ते इंग्लंडातच एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं, अल्बममध्ये शिरलं, आणि अल्बम कोणाच्या तरी ट्रंकेतून ठाण्यापर्यंत पोचला.

तुमच्याकडचं कार्ड आपल्याकडच्या चर्चचं असेल, वसईचं, उत्तनचं किंवा ठाण्याचं, तर हिशेब आण्यांत करा. आपल्याकडे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला सुरू झालं, पाव आण्याला. हा दर 1922 पर्यंत टिकला, मग अर्धा आणा झाला. आणि टपालाच्या शिक्क्यावर 'ठाणे' शोधू नका. तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग 'थाना'. अधिकृत नाव बदललं ते 1996 मध्ये. एकोणिसाव्या शतकात 'टॅना' असंही लिहीत. वसईचं 'बॅसीन', साष्टीचं 'सालसेट'. मराठी माणसाने लिहिलेलं कार्ड असेल तर मजकूर मोडीत असायची चांगली शक्यता आहे. मोडी वाचणारं माणूस ठाण्यात शोधलं तर सापडतं.

आता टपालाचा शिक्का. टॉर्च बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. अशा तिरप्या उजेडात पुसट शिक्क्याची दबलेली कड वर येते. इंग्लंडच्या शिक्क्यांत महिना दोन अक्षरांत असतो, जसं ऑगस्टला 'एयू', मार्चला 'एमआर'. माझ्या कार्डावर 'एयू 9 09' निघालं: 9 ऑगस्ट 1909. गावाचं नाव ग्रेट यारमथ.

इथे मी घसरले. शिक्का यारमथचा, म्हणजे चर्च यारमथचं, असं धरून मी आठवडाभर त्या गावातली चर्चं बघत बसले. तिथलं मुख्य चर्च प्रचंड आहे, माझ्या कार्डातलं आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयाएवढं. शिक्का सांगतो कार्ड कुठे पेटीत पडलं. सुट्टीवर आलेला माणूस शेजारच्या गावात फिरून येतो, तिथलं कार्ड घेतो आणि स्टेशनाजवळ येऊन पेटीत टाकतो. मागचा मजकूरही आधी वाचला असता तर आठवडा वाचला असता, कारण त्यात होडीच्या सहलीबद्दल आणि सततच्या पावसाबद्दल लिहिलं होतं. ग्रेट यारमथ समुद्रावर आहे, पण त्याच्या मागे नॉरफोक परगण्याच्या सपाट भागात नद्या आणि उथळ तळ्यांचं जाळं आहे, 'ब्रॉड्स' म्हणतात त्याला. त्या काळी लोक तिथे शिडाच्या होड्या भाड्याने घेऊन फिरायला जात.

तिकीट तिरकं लावलंय का, तेही बघा. त्या दिवसांत तिकिटाच्या कलावरून प्रेमाचा निरोप द्यायची टूम होती, आणि कोणता कल म्हणजे काय हे समजावणारी कार्डंही विकली जात. माझ्या कार्डावरचं तिकीट सरळ आहे. कार्ड मावशीला लिहिलंय.

पुढची बाजू: आधी अक्षरं, मग इमारत

फोटोकार्डावरचं नाव बहुतेक वेळा पांढऱ्या, हाताने लिहिलेल्या अक्षरांत असतं. फोटोग्राफर निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने उलटी अक्षरं लिहायचा. शाईखालून उजेड जात नाही, म्हणून कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. एकाच फोटोग्राफरचं अक्षर दहा कार्डांत बघितलं की ओळखू येतं, एखादं अक्षर तर चुकून उलटंच राहिलेलं सापडतं. नावाशेजारी आकडा असेल तर तो जरूर टिपा. फ्रिथ, व्हॅलेंटाइन, जजेस यांसारख्या मोठ्या प्रकाशकांनी निगेटिव्हना क्रमांक दिले होते आणि त्यावरून वर्ष काढता येतं. मुंबईत क्लिफ्टन आणि कंपनीची कार्डं याच काळातली. कोडॅकने 1903 मध्ये थेट पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा आणल्यावर मात्र हौशी माणूसही स्वतःची कार्डं काढू लागला, आणि अशा कार्डांवर नाव, आकडा, काहीच नसतं.

माझ्याकडे उरले होते ते अक्षरांचे शेंडे. ते मी 1200 डीपीआयवर स्कॅन करून ठेवले आणि इमारतीकडे वळले.

इंग्लंडातल्या जुन्या चर्चांचा एक सर्वसाधारण नियम आहे: वेदी पूर्वेला, मनोरा पश्चिमेला. फोटोत मनोरा डावीकडे आणि चर्चचं लांब अंग उजवीकडे पसरलेलं असेल, तर पश्चिम डावीकडे आणि पूर्व उजवीकडे आली. म्हणजे फोटोग्राफर दक्षिणेला उभा आहे. फोटोग्राफर बहुतेक तिथेच उभे राहतात, कारण तिकडे ऊन असतं. माझ्या कार्डात तसंच आहे, आणि कबरींच्या दगडांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात. सूर्य पश्चिमेला कललेला, म्हणजे दुपारनंतरची वेळ.

हा नियम ठाण्यात जसाच्या तसा लावायला जाल तर फसाल. इंग्लंडात दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. आपण 19 अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर ऊन दिसलं म्हणून काही बिघडत नाही. शिवाय पोर्तुगीज काळात उभी राहिलेली आपल्याकडची चर्चं रस्त्याकडे, खाडीकडे, जागा मिळेल तशी तोंड करून असतात. सरावासाठी मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसमोर मोबाइलचा होकायंत्र उघडून उभं राहा. दर्शनी भिंत कुठल्या दिशेला आहे, सकाळी ऊन कुठून येतं, संध्याकाळी सावली कुठे जाते, हे एकदा पायांनी बघितलं की फोटोतली सावली वाचायला जमू लागते.

पुढे, काळ सांगणाऱ्या वस्तू शोधा. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, मोटार, मनोऱ्यावरचं घड्याळ. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे युद्धस्मारक. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर 1918 मध्ये थांबलं आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडातल्या गावोगावी चर्चच्या आवारात किंवा फाटकापाशी मृतांच्या नावांचा क्रूस उभा राहिला. असा नवा कोरा क्रूस दिसत असेल तर फोटो 1919 नंतरचा. आवारातला प्रत्येक क्रूस स्मारक नसतो, काही मध्ययुगीन असतात, म्हणून पायथ्याची अक्षरं दिसेपर्यंत घाई नको.

आणि मग इमारत कशाची आहे ते. इथे माझं नशीब जोरावर होतं. कार्डातला मनोरा गोल होता. इंग्लंडात चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे 16 हजार चर्चं आहेत, आणि गोल मनोऱ्याची जुनी चर्चं त्यात जेमतेम 180 च्या आसपास. त्यातली सव्वाशेच्या जवळपास एकट्या नॉरफोकमध्ये, बाकीची बरीचशी शेजारच्या सफोकमध्ये. त्या भागात चांगला कापीव दगड मिळत नाही, मिळते ती गारगोटी. गारगोटीने भिंत उभी राहते, पण कोपरा धरत नाही. कोपऱ्याला दुरून दगड आणावा लागतो. गोल मनोऱ्याला कोपराच नसतो. यामागे एवढंच कारण होतं की आणखी काही, यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात, पण मला हे कोकणातल्या गवंड्याला पटेल असं कारण वाटतं.

भिंगातून मनोरा नीट बघितला तर वरचा तिसरा हिस्सा गोल नव्हता, अष्टकोनी होता. घंटेसाठी नंतर चढवलेला मजला. चर्चचं छप्पर कौलारू नव्हतं, शाकारलेलं होतं, दलदलीत वाढणाऱ्या बोरूने. आणि छपराखाली वरच्या भिंतीत ओळीने छोट्या खिडक्या. यातली एकेक गोष्ट वहीत लिहून काढा, 'सुंदर जुनं चर्च' असं लिहू नका. गोल मनोरा, वर अष्टकोन, शाकारलेलं छप्पर, वरच्या खिडक्यांची ओळ: या चार शब्दसमूहांनी सव्वाशे चर्चं बोटांवर मोजण्याएवढी उरतात.

घरबसल्या गावापर्यंत

शोधायला तीन ठिकाणं पुरतात. राउंड टॉवर चर्चेस सोसायटी ही संस्था अशाच चर्चांना वाहिलेली आहे. जिओग्राफ या संकेतस्थळावर ब्रिटनच्या नकाशातल्या चौकोनाचौकोनाचे लोकांनी काढलेले फोटो आहेत. आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने, मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे फुकट बघायला ठेवलेत, इंग्लंडचेसुद्धा. जुन्या नकाशात चर्चची वाट, फाटक, शेजारचं घर, सगळं फोटोशी ताडून बघता येतं. आपल्याकडच्या चर्चसाठी बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याचे 1882 चे खंड काढा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसई आणि साष्टीही होते. चौदाव्या खंडात गाववार स्थळं दिली आहेत.

माझ्या यादीत शेवटी ब्रॉड्सच्या भागातली दोन चर्चं उरली, एकमेकांपासून फार दूर नसलेली: हॉर्सी आणि पॉटर हायम. दोन्हींचा मनोरा खाली गोल, वर अष्टकोनी, दोन्ही शाकारलेली. पण हॉर्सीचं चर्च एका सरळ लांब खोलीसारखं, त्याला वरच्या खिडक्यांची ओळ नाही. पॉटर हायमला आहे.

मग मी ते कापलेले शेंडे काढले. पॉटर हायम चर्च हे शब्द इंग्रजीत कागदावर लिहिले आणि पट्टी ठेवून खालचा भाग झाकला. पहिल्या शब्दाच्या सुरुवातीला 'पी'ची गोलाई, मध्ये जोडीने उभे दोन 'टी'. दुसऱ्याच्या सुरुवातीला 'एच'ची दोन टोकं, जरा पुढे एक टिंब, मग एक उंच काठी. कार्डावरचे पांढरे शेंडे ओळीने तसेच होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, त्यामुळे ओरडता आलं नाही.

तारीख लिहायची पद्धत

एकच वर्ष लिहायचा मोह टाळा. शिक्का सांगतो की 9 ऑगस्ट 1909 ला हे कार्ड अस्तित्वात होतं. फोटो त्याच उन्हाळ्यातला असेल किंवा पाच वर्षं जुना, कारण चांगली निगेटिव्ह विकणारे वर्षानुवर्षं तीच वापरत. म्हणून दोन टोकं लिहा: याच्या आधीचं नाही, याच्या नंतरचं नाही. आणि प्रत्येक टोकासमोर पुरावा. 'विभागलेली पाठ, म्हणून 1902 च्या आधीचं नाही.' 'शिक्का, म्हणून ऑगस्ट 1909 च्या नंतरचं नाही.' हे कार्डावर लिहायचं नाही. पाकिटात घालायच्या चिठ्ठीवर लिहायचं, पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पावसाळ्यात पसरते.

स्कॅन दोन्ही बाजूंचे करा, निदान 600 डीपीआयवर, सपाट काचेच्या स्कॅनरवर. झेरॉक्सच्या दुकानात कागद आपोआप ओढणाऱ्या मशीनमध्ये कार्ड घालू देऊ नका, दुकानदार कितीही "काही होत नाही ताई" म्हणाला तरी. ही कार्डं छापायची, दाखवायची असतील तर आपल्या कायद्यात अडचण सहसा येत नाही: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो.

ठाण्याचा पावसाळा

जपणुकीची पुस्तकं थंड कोरड्या देशांत लिहिलेली असतात. इथे जूनमध्ये भिंतींना पाझर फुटतो आणि येऊरच्या बाजूच्या घरांत तर चपलांवरही बुरशी येते. जिलेटिन म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं जेवणच.

फ्रेम करायची हौस असेल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा. मी एक कार्ड फ्रेमवाल्याकडे दिलं, त्याने काच थेट वर बसवली, आणि सप्टेंबरपर्यंत आकाशाचा कोपरा काचेला चिकटून बसला. तो आता काचेसकटच ठेवलाय. लॅमिनेशनचं नावही काढू नका.

पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं घ्या. नव्या रेक्झिनसारखा वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. ते चिकटतं आणि फोटो खराब करतं. पाकिटं पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवायची, डबा कपाटाच्या मधल्या फळीवर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. डांबराच्या गोळ्या आणि कापूर डब्यात नको. ऑक्टोबरात एक कोरडा दिवस बघून सगळी कार्डं काढा, बघा, परत ठेवा. उन्हात वाळवू नका, फक्त हवा लागू द्या.

गेल्या ऑक्टोबरात मी ती अशी जेवणाच्या टेबलावर मांडली होती. शेजारच्या मावशी डबा परत द्यायला आल्या. त्या मूळच्या उत्तनच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि पॉटर हायमचं कार्ड कडेने उचललं.

"देऊळ कुठलं गं हे?"

"विलायतेतलं, मावशी. 1909 च्या आधीचं."

"बरं. आणि हे अर्धं छप्पर नवीन कशाला आहे?"

मी भिंग घेतलं. खरंच, मनोऱ्याकडचा छपराचा भाग उजळ होता, कडा सरळ कापलेल्या, आणि दुसऱ्या टोकाचा काळवंडलेला, मध्यभागी खचलेला. तीन वर्षांत मला ते ऊन वाटलं होतं.

"शाकारणी आहे ती," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे वडील असंच करायचे. एका वर्षी पुढची बाजू, दुसऱ्या वर्षी मागची. पैसे एकदम कुठून आणणार? नवं गवत दोन पावसाळे उजळ दिसतं, मग काळं पडतं."

बोरूचं छप्पर गवतापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, पण नवेपणाचा सोनेरी रंग तेही काही वर्षांतच घालवतं. चर्चच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत अशा कामाचा खर्च लिहिलेला असतो. मी चिठ्ठी बाहेर काढली आणि दोन टोकांच्या खाली पेन्सिलीने तिसरी ओळ लिहिली: 'पश्चिमेकडच्या अर्ध्या छपराची शाकारणी नवी. शाकारणीचं वर्ष शोधणे.' कंसात मावशींचं नाव.